समाचाराला जाणं

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेल्या पुनरुक्त्या काढल्या आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

 

गेल्या नाताळात मी आठ दिवस घरी होतो, नगरला. आता अहिल्यानगर म्हणायला हवं, पण जिभेची सवय जात नाही. आठ दिवसांत आत्याकडे झालं, मामाकडे झालं, शाळेतल्या दोस्तांकडे झालं. डबाभर करंज्या आणि शंकरपाळी घेऊन परत पुण्याच्या एसटीत बसलो, तेव्हा डोक्यात एकच शब्द फिरत होता. समाचार.

आज त्या शब्दाबद्दल बोलायचंय. ख्रिस्ती विश्वासात कुणाच्या तरी घरी उठून जाण्याला एवढं महत्त्व का आहे, आणि आपण नेमकं तेच का टाळतो. तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी थांबा. सुट्टीत घरी जाऊन नातेवाइकांच्या तावडीत सापडणं सगळ्या धर्मांत सारखंच असतं.

एका शब्दाचे दोन अर्थ

आज आपण 'समाचार घेतला' म्हणतो तेव्हा अर्थ असतो, झापलं. 'बॉसने आज माझा चांगलाच समाचार घेतला.' पण आजीच्या तोंडी हाच शब्द वेगळा असतो. 'अमकीचं ऑपरेशन झालंय, समाचाराला जाऊन येते.' म्हणजे विचारपूस करायला, पाच मिनिटं बसायला, सोबत चार केळी घेऊन.

मराठी बायबलमध्ये हा आजीचा शब्द आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय बघा. शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. राजा लोकांना दोन बाजूंना उभं करतो आणि सहा गोष्टी विचारात घेतो. भुकेल्याला जेवण दिलंत का, तहानलेल्याला पाणी, परक्याला घरात जागा, उघड्याला कपडा, आजाऱ्याच्या समाचाराला गेलात का, आणि तुरुंगातल्या माणसाकडे गेलात का. गंमत म्हणजे ही सगळी माणसं म्हणजे मीच होतो, असं राजा सांगतो. ज्यांनी हे केलं त्यांनाही ते ठाऊक नसतं. ते विचारतात, आम्ही तुला कधी पाहिलं?

यातल्या शेवटच्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. आजाऱ्याला बरं केलंत का, असं विचारलेलं नाही. कैद्याला सोडवलंत का, असंही नाही. फक्त गेलात का, एवढंच. म्हणजे ज्याच्या हातात काहीच नाही, ना औषध, ना पैसा, ना ओळख, तोही हे करू शकतो. म्हणून मग न करण्याला निमित्त उरत नाही!

थोडं खोलात जाऊ. नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. मत्तयाने इथे वापरलेलं क्रियापद आहे 'एपिस्केप्टोमाय'. जाऊन बघणं, काळजी घेणं, लक्ष ठेवणं असा त्याचा अर्थ. याकोबाच्या पत्रातही तेच क्रियापद येतं. खरा धर्म कोणता, तर अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या अडचणीत समाचार घेणं, असं तो पहिल्याच अध्यायात सांगतो. बिशप हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, तोही याच कुळातला.

आता खरी मजा. लूकच्या पहिल्या अध्यायात वृद्ध जखऱ्या देवाची स्तुती करतो, तिथेही हेच क्रियापद आहे. पण या वेळी कर्ता कोण? देव. देवाने आपल्या लोकांची भेट घेतली, असं तो म्हणतो. म्हणजे आजी केळी घेऊन जे करते, तोच शब्द लूकने देवासाठी वापरलाय. नाताळ म्हणजे काय, हे मला एका ओळीत कुणी विचारलं तर मी म्हणेन, देव समाचाराला आला.

मरिया उठली आणि गेली

त्याच अध्यायात आणखी एक भेट आहे. मरियेला कळतं की ती आई होणार आहे, आणि तिची नातलग अलीशिबा उतारवयात गरोदर आहे. मरिया काय करते? निघते. गालीलातल्या नासरेथाहून यहूदीयाच्या डोंगराळ भागात. रस्ता अनेक दिवसांचा. तिथे ती सुमारे तीन महिने राहते.

वसईकडचे आपले कॅथलिक श्रोते हा प्रसंग रोझरीच्या माळेत नेहमी आठवतात. आनंदाच्या रहस्यांपैकी दुसरं रहस्य हेच. कॅथलिक पंचांगात 31 मे हा या भेटीचा सणही आहे. एका घरगुती भेटीचा सण! यात ना कुणी चमत्कार केला, ना प्रवचन दिलं. दोन गरोदर बायका भेटल्या. एक म्हातारी होत चाललेली, एक अगदी तरुण. दोघींचंही जे झालं होतं त्यावर शेजारीपाजारी काय बोलत असतील, विचार करा. मरियेला समजून घेणारं माणूस नासरेथात असेल-नसेल. ते डोंगरात होतं. मरियेचं प्रसिद्ध स्तोत्रही तिने एकटीने घरी बसून गायलं नाही. ते अलीशिबेच्या दारात तिच्या तोंडून निघालं.

मला हे पटतं. माझा विश्वास काय आहे हे मला कधीकधी दुसऱ्याच्या घरी गेल्यावर कळतं.

मेसेज पुरेसा का नाही?

तुम्ही म्हणाल, अरे, रोज बोलतोच की आम्ही. फॅमिली ग्रुप आहे. रोज सकाळी वचनाचा फोटो येतो, गुलाबाच्या फुलासकट.

बायबलमधली माणसंही मेसेज पाठवायची. नव्या करारातली 27 पैकी 21 पुस्तकं पत्रं आहेत. म्हणजे लांबून विचारपूस करण्यात काही कमीपणा नाही. पण योहानाची दुसरी आणि तिसरी पत्रं काढून बघा. दोन्ही इतकी छोटी की चहा होईपर्यंत वाचून होतात. आणि दोन्ही जवळपास एकसारखी संपतात. लिहायचं खूप आहे, पण शाई-कागदाने नको, प्रत्यक्ष भेटून तोंडोतोंड बोलू, असा त्याचा आशय. लिहिणाऱ्यालाच लिहिणं अपुरं वाटतंय.

पौल रोमच्या मंडळीला लिहितो तेव्हा म्हणतो की तुम्हाला भेटायची मला फार ओढ आहे. का? तर तुमच्या विश्वासाने मला धीर मिळावा आणि माझ्या विश्वासाने तुम्हाला. एवढा मोठा प्रेषित, आणि त्यालाही समोरच्याकडून काहीतरी घ्यायचंय. मेसेजमध्ये आपण बहुतेक वेळा फक्त देतो. वचन देतो, हात जोडलेली इमोजी देतो. घ्यायला जावं लागतं.

घरी गेल्यावर 'दुसरा' समाचार

पण घरी जायला आपण कचरतो, त्याला कारण आहे. घरी आपला समाचार घेतात, तो दुसऱ्या अर्थाने!

मी आत्याकडे पोचलो. बूट काढायच्या आत पहिला प्रश्न, 'पुण्यात कुठल्या चर्चला जातोस?' आता खरं सांगायचं तर गेलं वर्षभर मी कुठल्याच मंडळीत नीट जात नाही. रविवारी उठायला उशीर होतो. कधी फोनवर प्रवचन लावतो, तेही दीडपट वेगाने. मी म्हटलं, 'असतं ते ऑनलाइन.' आत्या म्हणाली, 'प्रभुभोजनपण ऑनलाइन येतं का रे? स्विगीवरून?' सगळे हसले. मीपण हसलो. पण लागलं.

अशा वेळी मला येशूचीच एक भेट आठवते, आणि ती फसलेली भेट आहे. तो आपल्या गावी, नासरेथला जातो. सभास्थानात शिकवतो. गावकरी काय म्हणतात? हा तर सुतार ना? मरियेचा मुलगा? याचे भाऊ-बहिणी इथेच आहेत की. मार्क सांगतो की काही आजाऱ्यांवर हात ठेवून बरं करण्यापलीकडे तिथे त्याला काही अद्भुत करता आलं नाही. लूकच्या वर्णनात तर गावकरी त्याला कड्यावरून ढकलायला निघतात.

लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसांना आपण बदललोय हे दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर आपण अजून नाताळच्या नाटकात मेंढपाळाची दाढी तोंडात गेलेलं पोर असतो. पण आता उलटं बघा. आत्यालाही मी गेल्या पाच वर्षांत नीट बघितलं नव्हतं. तिचा गुडघा गेलाय. चर्चच्या पायऱ्या चढताना तिला दोनदा थांबावं लागतं, तरी ती दर रविवारी जाते. हे मला तिच्यासोबत 25 तारखेच्या उपासनेला गेलो तेव्हा कळलं. 'कुठल्या चर्चला जातोस' हा तिच्यासाठी टोमणा नव्हताच. दर आठवड्याला तिला जे बळ मिळतं, ते मला मिळतंय का, एवढंच तिला विचारायचं होतं. तिला विचारायची पद्धत तेवढीच येते.

नगरची एक जुनी गोष्ट

विश्वासावरून घरात ताण येणं नगरला नवं नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे 1831 मध्ये सुरू झालं, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 मध्ये इथूनच निघालं. तेव्हापासून ख्रिस्ती झालेल्या कितीतरी माणसांच्या घरांत 'आपलं' आणि 'परकं' यांची रेघ पडली.

सगळ्यात माहितीची गोष्ट नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंची. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षं दोघांची ताटातूट झाली. त्या नातेवाइकांकडे राहिल्या, टिळक नगरला. पुढे त्या नगरला आल्या तेव्हाही आधी आपलं सोवळं-ओवळं सांभाळूनच राहिल्या. मग हळूहळू, आपल्या मनाने, त्यांचा विचार बदलला आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सगळं 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. ते पुस्तक धार्मिक म्हणून बाजूला ठेवू नका. त्यात नवऱ्याची जी खेचली आहे ती वाचून आजही हसू येतं.

मला त्यात महत्त्वाचं काय वाटतं? दार पूर्ण बंद झालं नाही. एकाचा विश्वास बदलला, दुसरीचा नाही, भांडणं झाली, अश्रू झाले, तरी येणं-जाणं परत सुरू झालं. आधी एकमेकांकडे येणं झालं आणि मग एकमत. आपण उलटं करतो. आधी एकमत हवं, मग भेटू.

माझा मित्र

आता ज्या भेटीमुळे हा भाग करतोय, तिच्याकडे येतो.

शाळेत माझा एक जिवलग दोस्त होता. नाव सांगत नाही. आम्ही एकाच शब्बाथ शाळेत वाढलो, तरुण संघात एकत्र ढोलकी-झांज घेऊन रात्रभर घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरलो. त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, आम्हाला सायकलवर डबलसीट, ट्रिपलसीट घेऊन जायचे. दीड वर्षापूर्वी काका गेले. मी पुण्यात होतो. पुणे ते नगर, एसटीने तीन तास. मी गेलो नाही. ऑफिसात रिलीज होती. मी एक वचन टाइप केलं, खाली 'स्ट्राँग राहा भावा' लिहिलं आणि पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

नंतर कुणीतरी सांगितलं की त्याने चर्चला जाणं सोडलंय. मग तर मला जायला आणखीनच अवघड वाटायला लागलं. काय बोलणार? समजावू का? देवाची योजना वगैरे सांगू का?

आठवडाभर मी त्याच्या गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. शेवटी 28 डिसेंबरला गेलो. काकूंनी दार उघडलं. 'अगंबाई, केवढा झालास!' म्हणाल्या, आणि रडल्या. मित्र आतून आला. चहा झाला. मग तो म्हणाला, 'तुझा मेसेज आला होता तेव्हा.'

'हो.'

'वचन होतं त्यात. मी वाचलं नाही. असे चाळीसेक आले होते त्या दिवशी.'

मी म्हटलं, 'मी यायला हवं होतं.'

तो म्हणाला, 'हो. यायला हवं होतंस.'

एवढंच. त्याने माझा समाचार घेतला म्हणा ना, दोन शब्दांत. आणि तो बरोबर होता.

जाताना ईयोबाचं पुस्तक माझ्या डोक्यात होतं. ईयोबाची मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र समाचाराला आले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. इथपर्यंत ते उत्तम मित्र होते. मग बोलायला लागले, तुझंच काहीतरी चुकलं असणार, देव अन्याय करत नाही, आणि पुढचे कितीतरी अध्याय चुकतच गेले. शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. म्हणजे ते समाचाराला आले एका अर्थाने आणि समाचार घेतला दुसऱ्या अर्थाने.

मी काहीच समजावलं नाही. निघताना काकू म्हणाल्या, 'प्रार्थना कर ना बाळा.' आपल्याकडे तशी पद्धतच आहे, उठताना छोटी प्रार्थना. मी मित्राकडे बघितलं. तो म्हणाला, 'आईसाठी कर. मी आहे बाहेर.' तो अंगणात गेला. मी चार वाक्यांची प्रार्थना केली. काकांची सायकल आठवली, ती प्रार्थनेत आली. 'आमेन' म्हणून डोळे उघडले तर तो दारात उभा होता. कधी आला माहीत नाही.

मग तो गाडीची किल्ली घेऊन म्हणाला, 'पप्पांकडे जाऊ या? तू बघितलं नाहीस अजून.' आम्ही दफनभूमीत गेलो. अर्धा तास बसलो. त्याने कबरीवरचं गवत काढलं, मीही काढलं. तो परत चर्चला येईल का? मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. मी परत जाईन, एवढं मात्र नक्की.

उशीर झाला तर?

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या मनात असंच एखादं घर असेल. 'आता फार उशीर झाला, आता कुठल्या तोंडाने जाऊ?'

योहानाच्या 11व्या अध्यायात बेथानीची गोष्ट आहे. लाजर आजारी असल्याचा निरोप येशूला मिळतो. तो लगेच निघत नाही. पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था आणि मरिया या त्याच्या बहिणी. दोघीही वेगवेगळ्या वेळी त्याला तेच ऐकवतात, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. पण मरिया रडताना दिसते, तेव्हा तो विचारतो, त्याला कुठे ठेवलंय? आणि रडतो. पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पण लाजराला हाक मारण्याआधी तो त्या तक्रारीसमोर उभा राहिलाय, तिच्यातून सुटका करून न घेता. आपल्याला लाजर उठवता येत नाही. 'कुठे ठेवलंय' हे मात्र विचारता येतं, आणि सोबत जाता येतं.

मग करायचं काय?

उपदेश नको, मला जे उपयोगी पडलं तेवढं सांगतो.

एक, सुट्टीत घरी गेलात की यादी करताना दोन घरं अशी धरा जिथे जायला मजा येणार नाही.

दोन, उत्तर घेऊन जाऊ नका. केळी घेऊन जा. फराळाचा डबा घेऊन जा. हात रिकामे नसले की तोंड कमी चालतं.

तीन, प्रार्थना करायची तर विचारून करा. समोरच्याला नको असेल तर घरी येऊन करा, देवाला पत्ता माहीत आहे.

चार, मोठ्यांनी चर्चबद्दल टोकलं तर लगेच बचाव करू नका. एकदा त्यांच्यासोबत जाऊन बसा. ते कशाला धरून आहेत ते बघा. पटलं नाही तर नाही.

पाच, उशीर झाला असेल तर 'बिझी होतो' म्हणू नका. 'यायला हवं होतं' म्हणा.

मी पुण्यात परत आल्यावर रविवारी मोबाइलवर प्रवचन लावलं नाही. जवळच्या एका मंडळीत जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. ओळखीचं कुणी नव्हतं. उपासना संपल्यावर एक आजोबा आले, म्हणाले, 'नवीन दिसता. कुठले?' मी म्हटलं, 'नगरचा.' ते म्हणाले, 'मग चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.'

चला, आजच्यापुरतं एवढंच. हा भाग ऐकून झाला की फोन खिशात ठेवा, आणि कुणाकडे तरी जाऊन या. पुढच्या भागात भेटूच. जय ख्रिस्त, नमस्कार, काळजी घ्या.